जुन्या स्टॉक कारमध्ये आगीचं सामान मात्र नवंच हवं

नॅसकार या अमेरिकी स्टॉक कार शर्यतींतली सत्तर-ऐंशीच्या दशकातली गाडी हौसेनं ट्रॅकवर उतरवायची असेल, तर रंग, स्टिकर, डॅशबोर्डवरचे गेज खुशाल त्या काळचे ठेवा. टाकी, अग्निशामक बाटली आणि ड्रायव्हरचा सूट यांच्याबाबत 'ओरिजिनल'चा हट्ट धरू नये.

सुरुवात टाकीपासून करा. २४ मे १९६४ ला शार्लटच्या वर्ल्ड ६०० शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स या ड्रायव्हरची फोर्ड उलटली, पेट्रोलनं पेट घेतला. भाजलेल्या रॉबर्ट्सचा २ जुलैला मृत्यू झाला. पुढे पत्र्याच्या टाकीची जागा फ्यूएल सेलनं घेतली: बाहेर पत्र्याची पेटी, आत रबरी पिशवी म्हणजे ब्लॅडर आणि ब्लॅडरमध्ये पेट्रोल हिंदकळू नये म्हणून स्पंजासारखा फोम. त्या काळच्या कप गाडीत (नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या गाडीत) ही टाकी २२ गॅलनची, म्हणजे साधारण ८३ लिटरची असे.

हा फोम कुजतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं तर लवकरच. टाकी रिकामी करून वरची प्लेट उघडा आणि फोम चिमटीत दाबून पाहा. बोटाला पिवळट चुरा लागला तर सगळा फोम बदला. तो चुरा फिल्टरमध्ये अडकतो, इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि दोष उगाच कार्ब्युरेटरवर येतो. ब्लॅडरवर तारीख छापलेली असते. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या एफटी३ मानकाच्या ब्लॅडरचं आयुष्य ५ वर्षं, उत्पादकानं तपासून दिल्यास आणखी २. बाहेरून धडधाकट दिसणारं जुनं रबर घडीच्या जागी तडकलेलं असतं. प्लेट परत बसवताना गॅस्केट नवं घाला, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. गाडी उलटली की व्हेंटमधून पेट्रोल सांडू नये यासाठी तिथे रोलओव्हर व्हॉल्व्ह असतो. त्यातली गोळी हलते ना, तेही बघून घ्या.

आता बाटली. जुन्या गाड्यांत बहुधा हॅलॉन १३०१ हा आग विझवणारा गॅस सापडतो. विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद आहे. त्याच्या जागी एफई-३६ किंवा नोव्हेक १२३० हे आग विझवणारे पदार्थ भरलेली, एसएफआय या शर्यतीच्या सुरक्षा-सामानाची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या १७.१ मानकाची बाटली बसवा आणि दर २ वर्षांनी उत्पादकाकडून तपासून घ्या. गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. काटा दाब दाखवतो, आत माल किती उरला ते नाही. बाटली काढून वजन करा आणि लेबलवरच्या आकड्याशी ताडून बघा. एबीसी पावडरची बाटली केबिनमध्ये नकोच: ड्रायव्हरला दिसेनासं होतं, श्वास कोंडतो, शिवाय ती पावडर ॲल्युमिनियम खाते.

बाटलीला प्लास्टिकचे पट्टे चालणार नाहीत. धातूचेच हवेत, आणि ब्रॅकेट नुसत्या पत्र्याला नाही, चॅसिसला बोल्टनं धरलेलं हवं. नळ्यांतून हवा फुंकून बघा, नोझलमध्ये कोळ्याची जाळी निघतात. बाटली सोडण्यासाठी ओढायची केबल बाटलीच्या हेडपासून सोडवून ओढा. गंजलेली असेल तर तिथेच कळेल. ट्रॅकवर जाताना सेफ्टी पिन काढायची राहून जाते, म्हणून तिला लाल फीत बांधा.

फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, जुन्या वायरिंगची भोकं चाळणीसारखी उरलेली असतात. आत दिवा ठेवा, बाहेरून उजेड दिसला की तिथे पत्रा रिव्हेट करा. फायबरचा तुकडा नको. टाकी आणि ड्रायव्हर यांच्यामधली भिंतही अशीच तपासा.

गाडीत ऑल्टरनेटर असेल तर दोन टर्मिनलचा बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच फसवतो. बॅटरी तुटते, पण ऑल्टरनेटर इग्निशनला वीज देत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. चार टर्मिनलचा स्विच घेऊन इग्निशनही त्यातूनच तोडा.

आग लागली तर आधी गाडी थांबवा, स्विच तोडा, मगच केबल ओढा. चालत्या गाडीत खिडकीतून येणारा वारा गॅस उडवून नेतो.

सूट एसएफआय ३.२ए/५ चा घ्या. चाचणीत दुसऱ्या दर्जाचं भाजणं तो १० सेकंद लांबवतो, एकेरी कापडाचा ३.२ए/१ फक्त ३ सेकंद. हेल्मेट, हातमोजे, सीटचे पट्टे असा पूर्ण जामानिमा करून सीटवर बसा आणि स्टॉपवॉच लावा: केबलपर्यंत हात पोचणं, पट्टे सोडणं, स्टिअरिंग काढणं, खिडकीची जाळी पाडणं, बाहेर येणं. १० सेकंदांपेक्षा जास्त लागले तर केबलच्या मुठीची जागा बदला आणि पुन्हा करून बघा.