पाच घरं झाली तर वायर ओढतो

तासगाव तालुक्यातल्या एका मळ्यातल्या वस्तीवर, घराच्याच पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. जुलै २०२४ मध्ये पीकविम्याची झुंबड उडाली. तेव्हा शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, अर्ज भरून देणाऱ्या केंद्राला अर्जामागे ४० रुपये. पण मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. सातबारा अपलोड करताना चाक फिरत बसायचं आणि माणसं कागद गुंडाळून दुसऱ्या केंद्राकडे निघायची. त्याच महिन्यात २३९ चं रिचार्ज २९९ झालं.

केबलवाल्याला फोन लावला. इंटरनेटची फायबर वायर गावच्या चौकापर्यंत आलेली, तिथून आम्ही सहाशे मीटर. तो म्हणाला, ‘एका घरासाठी येऊन परवडत नाही. वायर तेवढीच, खांबावर चढणारा माणूस तोच. पाच घरं झाली तर ओढतो.’

मग मी दारोदार. मला वाटलेलं, लोक म्हणतील महाग आहे. तसं फारसं कुणी म्हणालंच नाही. प्लॅन ३९९ चा, १८ टक्के जीएसटी धरून ४७१. शेजारच्या तात्यांच्या घरात चार मोबाइल. वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला: २८ दिवसांचं पॅक म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. चौघांचे मिळून साडेपंधरा हजार! तात्या वहीकडे बघतच राहिले. ‘हा तेरावा महिना कुठनं आला रे?’

खरी अडचण वेगळीच होती. केबलवाल्याला सहा महिन्यांचे पैसे आगाऊ हवे होते. २,८२५ ते, राउटरच्या बॉक्सचं डिपॉझिट १,५००, जोडणीचे ५००. एकदम ४,८२५. आमच्याकडे पैसा असा येतो: दुधाचं बिल दहा दिवसांनी, उसाचं कारखान्याच्या मर्जीनं, द्राक्षाचं व्यापारी देईल तेव्हा. रिचार्ज मात्र खिशात २९९ असले की होतं, नसले तर चार दिवस थांबतं. गरिबाला महाग वस्तू सुट्यात परवडते, स्वस्त वस्तू ठोक परवडत नाही, हे मला विक्रेता असूनही तेव्हा कळलं. काकूंनी भिशी लागेपर्यंत थांबायला सांगितलं. मी थांबलो. भिशी दिवाळीनंतर लागली.

हार्डवेअरवाले दादा पहिल्या झटक्यात तयार झाले. त्यांचं जीएसटी रजिस्ट्रेशन आहे, दुकानाच्या नावावर कनेक्शन घेतलं की भरलेला कर क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे त्यांना भरायच्या जीएसटीतून वजा होतो. माझी उलाढाल कमी, रजिस्ट्रेशन नाही, त्यामुळं तो १८ टक्के माझ्याच बोकांडी.

पाच घरं जमली. डिसेंबरात एका सकाळी दोन पोरं आली, तीन वाजेपर्यंत वायर जोडून बॉक्सवरचा हिरवा दिवा लागला. संध्याकाळी लाइट गेली आणि दिवाही गेला. राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्यावा लागला, तो खर्च माझ्या हिशेबात नव्हता.

दुकानाचं म्हणाल तर अर्ज भराभर जातात, पण सरकारी सर्व्हरच बसला असेल तर फायबर तरी काय करणार. कमाई वाढली ती भलतीकडेच. अकरावीच्या प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म रात्री नऊनंतर भरून द्यायला लागलो. पोरं घरून व्हॉट्सअॅपवर कागद पाठवतात, पैसे यूपीआयवर येतात. तात्यांनी जानेवारीत दोन फोनना नुसत्या कॉलचं पॅक मारलं. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, कंपन्यांना तशी पॅकं द्यायला लावल्यावर ते शक्य झालं.

जूनमध्ये नूतनीकरणाची वेळ आली. चौघांनी पैसे भरले. पाचव्याच्या बागेचे पैसे अजून व्यापाऱ्याकडेच अडकलेले. त्याचा बॉक्स भिंतीवर तसाच आहे, दिवा बंद. त्याचा पोरगा अभ्यासाला आमच्या ओट्यावर येऊन बसतो. पासवर्ड त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे.