कडेचा माणूस

दुपारची जेवणं उरकून जरा आडवं व्हावं म्हटलं, तर फोन कळवतो की जागा संपत आली. मग काय उडवायचं ते बघायला गॅलरी उघडायची. तासाभराने हिशेब काय, तर सुप्रभातची चार कमळं आणि वीजबिलाचे दोन फोटो गेले. बाकीचे अकरा हजार होते तिथेच आहेत. शेजारून कुणीतरी म्हणतं, "त्यातले थोडे छापून तरी घ्या." ही सूचना दर दिवाळीला येते आणि फराळाबरोबर संपते. पण एखाद्या दुपारी नेट असतं, झोप नसते, आणि माणूस खरोखरच एखाद्या फोटो लॅबच्या साइटवर जाऊन पोचतो.

पहिलाच फोटो चढवतो तो लग्नातला, सगळ्यांचा. साइट त्यावर एक चौकट टाकते. चौकटीच्या आत लख्ख, बाहेर अंधुक. त्या अंधुकात उजवीकडे बेबीआत्या, डावीकडे चौकड्यांच्या शर्टातले कुणी गृहस्थ. आत्यांचा एक कान तेवढा उजेडात.

चौकट उगाच पडत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं असायचं, म्हणजे दोनास तीन. चार बाय सहा इंचांचा कागद त्याच प्रमाणातला. फोनचा सेन्सर मात्र बहुतेक वेळा तीनास चार. ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा फोटो त्या कागदावर काठोकाठ बसवला, की उंचीतले ३३६ पिक्सेल जातात. वरून १६८, खालून १६८. म्हणजे मागच्या ओळीतल्या उंच भाच्याची टाळू गेली आणि पुढे सतरंजीवर बसवलेल्या पोरांची पावलं गेली. हे एक वेळ चालतं. खरी पंचाईत, फोटो स्क्रीनभर दिसावा म्हणून ज्यांनी कॅमेरा सोळास नऊवर ठेवलेला असतो त्यांची. ४०३२ बाय २२६८ मधून रुंदीचे ३४०२ उरतात, दोन्ही बाजूंनी ३१५ - ३१५ कापले जातात. दहा जणांच्या ओळीतून दीड माणूस. प्रत्येक टोकाचा पाऊण.

मोठ्या कॅमेऱ्यातला फोटो बहुधा दोनास तीनच असतो, त्यामुळे तो चार बाय सहावर नीट बसतो. मग घरात रिकामी फ्रेम पडली आहे म्हणून आपण त्याची आठ बाय दहा मागवतो आणि रुंदीचा सहावा हिस्सा गमावून बसतो. आठ बाय बारा मागवावी. फ्रेम दुसरी मिळते, आत्या मिळत नाही.

त्यात आणखी एक बारीक गोष्ट साइट सांगत नाही. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मशीन चित्र कागदापेक्षा जरा मोठं करून छापतं. चारही बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर तिथे जातात. कोपऱ्यातली तारीख, हौसेने आखलेली बारीक किनार, कडेच्या माणसाचं कोपर, सगळं त्यात. किनार आखलीच तर जाड आखावी; बारीक असली की एका बाजूला दिसते आणि दुसरीकडे नाहीशी होते, आणि फोटो भिंतीवर वाकडा लागल्यासारखा वाटतो.

रोलच्या काळात हे सगळं फोटोग्राफरच्या डोक्यात असायचं. "टोकाचे जरा आत सरका, अहो काका, तुम्हीच," असं तो ओरडायचा. रोल ३६ फोटोंचा. नीट भरला तर सदतिसावा निघायचा, कधी अडतिसावाही, आणि तो फुकट मिळाल्याचा आनंद छत्तीसच्या छत्तीस फोटोंपेक्षा मोठा. गणपतीत सुरू केलेला रोल दिवाळीपर्यंत कॅमेऱ्यात बसून राहायचा आणि शेवटी तो संपवायचा म्हणून तुळशीवृंदावन, शेजारची मांजर आणि नवा फ्रीज यांना स्थान मिळायचं. धुवायला टाकला की पाकिटाचा फाडलेला तुकडा देवघराच्या कोनाड्यात. फोटो आले की घरातली सगळी डोकी ट्यूबलाइटखाली: निगेटिव्ह उजेडात धरायची, केस पांढरे नि दात काळे असलेल्या त्या भुतांतून वहिनी ओळखायची, पट्टीच्या काठावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचं, "१४ - ३ कॉपी." एक मावशीला, एक सांगलीला, एक आपल्याला. पोरांच्या हातात फोटो जाताच स्वयंपाकघरातून आवाज: "बोटं लावू नकोस, कडेने धर!" फोटो कडेने धरायचा असतो हे त्या पोरांच्या पिढीला अ, आ, ई सारखं पाठ आहे. चकचकीत कागदावर उमटलेला अंगठा पुढे वीस वर्षं तसाच राहतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

तो चकचकीत कागद आजही आहे. ग्लॉसीत काळा रंग गडद येतो, पण बोटांचे ठसे आणि खिडकीचं प्रतिबिंबही तितकंच ठसठशीत. मॅटला ठसे दिसत नाहीत, पण त्याचा काळा थोडा राखाडीकडे झुकतो. लस्टर या दोघांच्या मधला, बारीक दाणेदार. हाताळायच्या फोटोंना माझं मत त्याला. धातूसारखी चमक असलेला कागद एखाद्या रात्रीच्या दृश्याला शोभतो, आजोबांच्या चेहऱ्याला नाही. घरात लहान पोरं असतील तर लग्नाच्या अल्बमवाल्यांचा लाडका एनटीआर, म्हणजे न फाटणारा कागद घ्यावा. बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर एकच सलग चित्र छापलेला, मागवणार असाल तर एवढंच बघा की मधल्या घडीवर कुणाचं नाक येत नाही ना.

आणि एक बरं आहे, "फोटो धुणं" हा शब्द अजून खोटा पडलेला नाही. चांगल्या लॅबमध्ये आजही चांदीच्या क्षारांचा थर असलेला कागद वापरतात. लाल, हिरव्या, निळ्या लेझरने त्यावर चित्र पडतं आणि मग तो कागद खरोखर रसायनांतून आणि पाण्यातून जातो. काही ठिकाणी आता शाईचे प्रिंटर आले आहेत, तेही वाईट नाहीत. पण ऑर्डर देण्याआधी कुठल्या पद्धतीने छापता हे विचारावं. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच.

आता फाइलचं. फोटो बिघडतात त्यातले निम्मे मशीनच्या आधीच बिघडलेले असतात. इंचाला ३०० पिक्सेल हा जुना, भरवशाचा हिशेब. चार बाय सहाला १२०० बाय १८००, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००, बारा बाय अठराला ३६०० बाय ५४००. फोनच्या १२ मेगापिक्सेलमधून बारा बाय अठरा काढली तर इंचाला २२४ पडतात. भिंतीवरच्या फोटोला ते पुरतात, कारण भिंतीला नाक लावून कुणी बघत नाही. (पुण्यात काही जण बघतात. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.)

पण भाचीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड. साध्या पाठवणीत लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. चार बाय सहाला ते चालून जातं, इंचाला २६७ पडतात. त्याचीच बारा बाय अठरा काढली तर इंचाला ८९, आणि नवरीच्या शालूची जर म्हणजे पिवळी खडी. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एचडीची सोय आली, तरी मूळ फाइल हवी असेल तर "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असंच सांगावं. स्क्रीनशॉट छापायला देऊ नये. कॅमेऱ्याच्या ब्यूटी फिल्टरने गुळगुळीत केलेला चेहरा आठ बाय बारावर मेणाचा दिसतो, त्याला इलाज नाही. आणि २००८ सालच्या फोनमधला ६४० बाय ४८०चा फोटो मोठा करण्याच्या फंदात पडू नये. अडीच बाय साडेतीनवर, पाकिटात ठेवायच्या मापाचा, तो अजून गोड दिसतो.

आयफोनवाल्यांच्या फाइली २०१७ पासून हेइक नावाच्या प्रकारात साठतात आणि सगळ्या साइट्स त्या घेत नाहीत. त्यांची जेपेग करून घ्यावी, गुणवत्तेचा काटा वर ठेवून, रंगांसाठी एसआरजीबी हा नेहमीचा रंगसंच निवडून. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या, मोठ्या रंगसंचातली फाइल तशीच ढकलली आणि लॅबने प्रोफाइलकडे, म्हणजे फाइलमधल्या रंगसंचाच्या नोंदीकडे, बघितलं नाही, तर हिरवागार सिंहगड परीक्षेला बसलेल्या मुलासारखा फिका येतो.

यापुढे एक छोटा रकाना असतो, आधीच खूण करून ठेवलेला: ऑटो करेक्शन. ती खूण काढावी. मशीन भाबडं असतं. चित्रात एकच रंग फार दिसला की त्याला वाटतं हा दोष आहे आणि ते उलट रंग ओततं. हळदीचे फोटो त्यामुळे निळसर येतात, नवरी न्हायलेली नाही, गारठलेली वाटते. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल त्याला आजार वाटतो. पणत्यांचा फोटो बघून ते म्हणतं, अरेरे, अंधार! आणि दिवाळीच्या रात्रीची ढगाळ संध्याकाळ करून टाकतं. सावळा चेहरा "सुधारून" गोरा करणं हे तर त्याहून वाईट. तो चेहरा सुधारा असं कुणी सांगितलं होतं?

खूण काढल्यावर मात्र फोटो काळपट आले म्हणून लॅबला फोन करू नये. फोनचा पडदा स्वतः उजळतो, कागद दुसऱ्याच्या उजेडावर जगतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो बघावा, काळपट वाटला तर फाइलच जरा उजळावी, आणि सगळी ऑर्डर देण्याआधी पाच फोटो चार बाय सहात मागवून बघावेत: एक हळदीचा, एक रात्रीचा, एक आजीच्या चेहऱ्याचा, एक उन्हातला, एक आपल्याला अजिबात खात्री नाही असा. ते दिवसा खिडकीपाशी बघायचे, पिवळ्या दिव्याखाली नाही. पाठवणावळ जाते, पण पुढची दोनशे कॉप्यांची हळहळ वाचते.

दोनशे खरं तर मागवूच नयेत. वर्षाला ३६, एक रोल. निवडताना जीव जातो, पण जायलाच हवा.

पार्सल पावसाळ्यात येणार असेल तर बारा बाय अठरापर्यंतचे फोटो पुठ्ठ्यात सपाट मागवावेत. नळीत गुंडाळून आलेला मोठा फोटो लगेच उलटा वळवून सरळ करू नये, थराला चरे पडतात. स्वच्छ कागद लावून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली दोन दिवस ठेवावा. फ्रेमवाल्याला "मधे माउंट टाका" म्हणून बजावावं, म्हणजे काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट. फोटो थेट काचेला टेकला की दोन-चार पावसाळ्यांत चिकटतो, आणि चिकटलेला फोटो ओढला की चेहरा काचेवर राहतो. असा जुना फोटो घरात असेल तर ओढू नका, काचेवरूनच त्याचा नीट फोटो काढून घ्या.

मागे नावं लिहायची ती बॉलपेनने नाही, त्याची टोचणी पुढच्या बाजूला कपाळावर उमटते. शाईपेनची शाई या कागदावर वाळत नाही, खालच्या फोटोच्या गालाला लागते. पातळ टोकाचा पर्मनंट मार्कर, कडेला, आणि दहा मिनिटं वाळू द्यायचं. काही लॅब मागे फाइलचं नाव छापतात. तेव्हा नाव आधीच बदलून ठेवावं, इंग्रजी अक्षरांत, देवनागरीचे तिथे चौकोन होण्याची भीती असते.

कॉपी किती, असं साइट विचारते तिथे एक आधीच भरलेला असतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात मुठेचं पाणी काठच्या पेठांत शिरलं. त्या घरांतून "तो अल्बम पुरात गेला" हे वाक्य अजून ऐकू येतं, तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांच्या तोंडून. परगावी आत्याकडे धाडलेली कॉपी तेवढी कोरडी राहिली. वहीतल्या त्या "१४ - ३ कॉपी"मागे असं कुणाच्या मनात नव्हतं, मावशी रुसू नये एवढंच होतं.

तर तो लग्नातला फोटो. चौकट इकडे सरकवली की बेबीआत्या पूर्ण येतात आणि डावीकडचे गृहस्थ पूर्ण जातात. ते कोण, हे ठरत नाही. आपल्याकडचे म्हणतात मुलीकडचे असतील. मुलीकडचे म्हणतात तुमचेच ना ते. केटररचे असावेत अशीही एक शंका आहे. ते गेले तर फोटो चांगला होतो, नवरा-नवरी बरोबर मध्यावर येतात. हातात कागदी डिश, त्यात जिलबी, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. फोटोग्राफरने आत सरका म्हटल्यावर ओळीतला तोच एक माणूस सरकलेला दिसतो.

'फिल', म्हणजे कागद काठोकाठ भरा, यावरची खूण काढून 'फिट'वर, म्हणजे अख्खा फोटो बसवा. वर-खाली आठ-आठ मिलिमीटर पांढरं राहील, राहू दे. कॉपी तीन. पत्त्यापुढे साइटला लँडमार्क हवा आहे. मारुतीचं देऊळ लिहिलं तर कुठला मारुती म्हणून कुरिअरवाला फोन करणारच आहे.