बेरीज पाच आली पाहिजे

सर गाडी घेऊन आले तेव्हा डिकीत जुना थ्रॉटल बॉडी (इंजिनाला हवा सोडणारा भाग) होता, वर्तमानपत्रात गुंडाळून नीट ठेवलेला. कराडच्या एका गॅरेजात तो बदलून झाला होता, त्याआधी अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडलही. दोन्ही मिळून सव्वीस हजार गेले. आणि परवा कुंभार्ली घाटात पुन्हा तेच! चेक लाइट लागली, पॅडल पार तळाला टेकलं तरी इंजिन रेस घेईना. मागे एसटी हॉर्न मारतेय आणि सर पहिल्या गिअरवर रखडत वळण चढतायत.

"घाट उतरताना काही नाही, चिपळुणात फिरताना काही नाही. चढतानाच होतं," सर म्हणाले. हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

स्कॅनरवर पी२१३५ हा कोड आला. थ्रॉटलच्या दोन सेन्सरांचं आपसात जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या गाड्यांना रेसची केबल नसते. पॅडल नुसतं व्होल्टेज पाठवतं, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मोटरला हुकूम देतो आणि मोटर थ्रॉटल बॉडीतला फ्लॅप, म्हणजे हवेची झडप, उघडते. फ्लॅप खरंच किती उघडला हे सांगायला दोन सेन्सर. सरांच्या गाडीत एक जेवढा चढतो तेवढाच दुसरा उतरतो, म्हणजे दोघांची बेरीज कायम पाच व्होल्टच्या आसपास. ती बिघडली की ईसीयू मोटरची वीजच काढून घेतो. मग फ्लॅप स्प्रिंगच्या जोरावर जरासा उघडा राहतो आणि गाडी कशीबशी घर गाठते. कोड बघून थ्रॉटल बॉडी बदलणाऱ्याला मी फार नावं ठेवणार नाही, सेन्सर त्यातच असतात. पॅडल का बदललं, ते मात्र त्याचं त्यालाच माहीत.

माझा पहिला संशय पाण्यावर. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हापासून मला वायरींच्या प्रत्येक जोडात, कपलरमध्ये, चिखल दिसतो. अर्धा दिवस त्यात घालवला. कपलर कोरडे, पिना चकचकीत. जागेवर गाडी तासभर चालू ठेवली, बेरीज पाचवरून हलली नाही.

जेवताना सरांचं ते वाक्य आठवलं. चढावर असं काय होतं जे सपाटीवर होत नाही? जोर लागला की इंजिन माउंटिंगवर, म्हणजे ज्या रबरी आधारांवर ते बसवलेलं असतं त्यांवर, कलतं.

इंजिन बंद, चावी ऑन. पोऱ्याला स्कॅनरसमोर बसवलं आणि मी लाकडी ठोकळा लावून टॉमीने, लोखंडी पहारीने, इंजिन मागे रेटलं.

"दादा, वाढली! पाच पॉइंट सहा!"

"कुठला वाढला? पहिला की दुसरा?"

"दोन्ही. पहिला झिरो पॉइंट नऊचा एक पॉइंट चार, दुसरा चार पॉइंट एकचा चार पॉइंट दोन."

इथेच गाठ सुटली. फ्लॅप जागचा हलला नव्हता, तरी दोन्ही सेन्सर एकाच वेळी वर गेले. दोघं एकदम खोटं बोलत असतील तर चूक त्यांच्या सामायिक वायरीत असणार. सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवणारी वायर कमजोर असती तर बेरीज घटली असती. वाढली, म्हणजे दोष अर्थच्या, निगेटिव्हकडे परतणाऱ्या वायरीत. कपलरच्या मागून अर्थच्या पिनेला मल्टीमीटर लावला, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. टॉमी सोडली की जवळजवळ शून्य, रेटली की ०.६.

काळी वायर बाहेरून अगदी नवी दिसत होती. चिमटीत धरून इंच इंच हलकेच ओढत गेलो. कपलरपासून चार बोटांवर ती रबरासारखी ताणली गेली. आत तांबं असलं तर वायर ताणत नाही. प्लास्टिक सोललं तर एक-दोन तारा कशाबशा टिकलेल्या, बाकी तुटून टोकं काळी पडलेली. म्हणूनच नवा थ्रॉटल बॉडी बसवताना वायर हलली आणि पुढचे चार दिवस गाडी बरी चालली असणार.

वायर तुटायला कारण दोन. मागचं माउंटिंग फाटलेलं, त्यामुळे इंजिन नको तेवढं डोलत होतं. आणि हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, क्लिप तुटली म्हणून कुणीतरी तो निळ्या प्लास्टिक टायने करकचून आवळला होता, जराही ढील न ठेवता. निळे टाय आमच्या गॅरेजात पाकीटभर पडलेले असतात. मागच्या वर्षी या गाडीची क्लच प्लेट मीच बदलली होती.

वायर जोडून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, ढील ठेवून हार्नेस बांधला, माउंटिंग नवं टाकलं. संध्याकाळी पोऱ्याला स्कॅनर देऊन शेजारी बसवलं आणि कुंभार्ली चढून आलो. वरपर्यंत बेरीज पाच.

निळ्या टायचं सरांना सांगितलं. मजुरी घ्यायचा प्रश्नच नव्हता. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग डिकी उघडून त्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी बाहेर काढली.

"म्हणजे हा चांगला होता?"

"चांगलाच होता, सर."

त्यांनी ती पुन्हा जागच्या जागी ठेवली.