गोवंडीच्या ओपीडीतला धूर

जानेवारी २०१६च्या अखेरीस देवनारचं डम्पिंग पेटलं, तेव्हा मी गोवंडीत लहान मुलांची ओपीडी पाहत होते. १९२७पासून कचरा पडतोय तिथे. ढिगाऱ्याच्या पोटात मिथेन साठतो, वरून कितीही पाणी मारा, आत धुमसतच राहतं. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि मग कुठे उरलेल्या मुंबईत बोंब झाली.

शिवाजीनगरमधली एक आई पाच वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. श्वासागणिक पोरीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुललेल्या, दोन शब्दही सलग बोलता येईनात. ऑक्सिजन लावला, दर वीस मिनिटांनी नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड. दुपारपर्यंत छाती मोकळी झाली. मग मी सगळ्यांना सांगत होते तेच तिलाही सांगितलं: धुरात नेऊ नका, खिडक्या लावून घ्या.

"खिडकी है किधर, डॉक्टर?"

पत्र्याची खोली, एकच दार. ती स्वतः डम्पिंगवर प्लास्टिक वेचायची, हातमोज्यांशिवाय. कचऱ्यातल्या इंजेक्शनच्या सुया बोटांत घुसायच्या, हिपॅटायटिस बीची लस मात्र कधी मिळालेली नव्हती.

"आग तो अब लगी. इसकी खांसी तो हमेशा की है," ती म्हणाली आणि दवाखान्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या चिमणीबद्दल बोलू लागली. शहरभरच्या दवाखान्यांतल्या पिवळ्या पिशव्या तिच्याच वस्तीत जळायला येत. अशा भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान राखावं लागतं. ते घसरलं आणि पिशवीत पीव्हीसी नावाचं क्लोरीनयुक्त प्लास्टिक असलं, की डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात. मुलीच्या हातातली सुई काढून रक्त पुसलेला कापूस मी टाकला, तोही पिवळ्या पिशवीतच.

या वस्तीत बहुतेक घरं मुसलमानांची आणि दलितांची. यातली कितीतरी कुटुंबं शहरातल्या इतर झोपडपट्ट्या पाडून इथे आणून बसवलेली. आधी डम्पिंगच्या कडेला माणसं आणली, मग भट्टीलाही तीच जागा सापडली. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

रहिवासी कोर्टात गेले. २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही भट्टी दोन वर्षांत हलवायला सांगितलं. त्या गल्ल्यांतल्या प्रत्येक मुलाची फुप्फुसं तपासा, घरोघर नोंद ठेवा आणि औषधाचा खर्च सरकारने उचला, हे मी तेव्हापासून भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगते आहे.