सोलापूर–पुणे घड्याळतुलना: दुपारचा उंचवटा कोणाचा?

सोलापूर आणि पुण्यातली घड्याळं जीपीएसवरून ताडून बघतोय; फरकाच्या आलेखात रोज दुपारी एक उंचवटा येतो. मांडणी आता स्थिर आहे. दोन्ही गावांत एकेक जुनं रुबिडियम (अणुघड्याळ), एकेक एम८टी (दर सेकंदाला पल्स देणारा जीपीएस रिसीव्हर) आणि दोघांच्या पल्समधलं अंतर मोजायला टीआयसीसी हे मोजणीयंत्र. पद्धत १९८० साली ॲलन आणि वाइस यांनी मांडलेली: दोघांनी एकाच वेळी एकच उपग्रह बघायचा आणि आपापल्या आकड्यांची वजाबाकी करायची. उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोघांकडे सारखीच, ती उडून जाते. अंतर अडीचशेएक किलोमीटर आणि उपग्रह वीस हजारांवर, म्हणून आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे सिग्नलला होणारा, विलंबही बराचसा कटतो.

एम८टीच्या पल्सला वीसेक नॅनोसेकंदांची करवत असते, म्हणजे पल्स करवतीच्या दातांसारखी मागेपुढे होते. प्रत्येक पल्सची चूक रिसीव्हर टीआयएम-टीपी संदेशात आधीच सांगतो. ती वजा केली की आलेख शहाण्यासारखा वागतो. वेगळे होण्याआधी दोन्ही संच इथेच, सोलापुरात, एका रुबिडियमवर शेजारी-शेजारी चालवून त्यांच्यातला फरक टिपला होता. केबलचा हिशोब मीटरला पाच नॅनोसेकंद.

राहिला दुपारचा उंचवटा. संशयित दोन: शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून उसळणारा सिग्नल आणि अँटेनाची केबल तापवणारं सोलापूरचं ऊन. ओळख पटवायला आकाशच उपयोगी पडलं. जीपीएस उपग्रह २३ तास ५६ मिनिटांनी त्याच वाटेने येतात. म्हणजे पत्र्याचा दोष रोज चार मिनिटं आधी यायला हवा, महिन्याभरात दोन तास. ऊन मात्र घड्याळाला चिकटून राहतं. आलेख एकाखाली एक लावले तर उंचवटे दोन निघाले! एक तिरका सरकतोय, तो पत्र्याचा. अँटेनाखाली धातूची थाळी ठेवली, क्षितिजालगतचे उपग्रह गाळले, तो बराच दबला.

दुसरा जागचा हलत नाही. पण दुपारी तापतं फक्त माळवद नाही, आयनोस्फिअरही फुगतं, आणि इतक्या दक्षिणेला ते पुण्यावर आणि इथे अगदी सारखं नसतं. पुण्याचे काका म्हणतात, "एफ९टी घ्या हो, दोन फ्रिक्वेन्सी मिळाल्या की कटकट मिटली." खरं आहे, त्या दुसऱ्या रिसीव्हरला दोन फ्रिक्वेन्सींवरून आयनोस्फिअरचा विलंब काढता येतो, पण दोन्हीकडे घ्यायचा म्हणजे खिशाला चाट. आधी केबलवर ओलं गोणपाट टाकतोय. (अँटेनावर नाही, पाणी एल१, म्हणजे जीपीएसचा मुख्य सिग्नल, खातं.) उंचवटा बसला तर केबल पाइपात घालून सावलीत नेईन; नाही बसला तर काकांचं ऐकावं लागणार.