वेदीवरचं कापड, ओट्यावरचं फडकं

मिस्सा, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा उपासनाविधी, संपली की सॅक्रिस्टीतल्या, म्हणजे चर्चचं सामान ठेवायच्या खोलीतल्या, टोपलीत दोन-चार पांढरे कपडे जमा होतात. नियमाने चर्चला येणाऱ्या कितीतरी जणांना त्यांची नावं ठाऊक नसतात. वेदीवर पसरतात तो साधारण दीड फुटी चौकोन म्हणजे कॉर्पोरल. प्याला आणि भाकर त्याच्यावर ठेवतात. प्याला पुसायचा लांबट रुमाल म्हणजे प्युरिफिकेटर. शिवाय फादरांनी हात पुसायचा छोटा टॉवेल. कुणीतरी हे सगळं घरी नेतं, धुतं, इस्त्री करतं आणि शनिवारी मुकाट्याने कपाटात आणून ठेवतं. देणगीदारांच्या फलकावर या माणसाचं नाव नसतं. बहुतेक वेळा ती बाईच असते, हे वेगळं सांगायला नको.

रोजच्या कामातून देवाचा मान राखावा असं प्रवचनात ऐकायला बरं वाटतं. पण सोमवारी सकाळी नळाला पाणी आलेलं असताना ते करायचं कसं, हे या टोपलीकडून शिकावं.

पहिला नियम, कॉर्पोरल झटकायचं नाही. पवित्र मानलेल्या भाकरीचे बारीक कण त्यात अडकलेले असू शकतात. कॉर्पोरल आणि प्युरिफिकेटर आधी साध्या गार पाण्यात भिजवून खळबळायचे आणि ते पहिलं पाणी मोरीत न ओतता मातीत ओतायचं, जिथे कुणाचा पाय पडत नाही अशा जागी. काही चर्चमध्ये यासाठी वेगळं बेसिन असतं. त्याचा पाइप गटाराला न जाता थेट जमिनीत उतरतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे खळबळणं चर्चच्या आवारातच उरकून यावं. त्यानंतर मात्र ते चारचौघांसारखं धुणं. साबण तोच, बादली तीच.

डाग हा खरा परीक्षेचा पेपर. द्राक्षारसाचा डाग गार पाण्यात सुटतो. घाईने गरम पाणी ओतलं किंवा डाग तसाच ठेवून इस्त्री फिरवली की तो कायमचा बसतो. बरेच फादर पांढरी वाइन वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. लग्नाच्या मिस्सेनंतर लिपस्टिक येते. ती मेण, तेल आणि रंग यांची मिळून बनते, त्यामुळे नुसत्या पाण्याला दाद देत नाही. कापड उलटं करून खाली जुनं फडकं ठेवावं, मागच्या बाजूने भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने हलके चोळावा, म्हणजे डाग खालच्या फडक्यात उतरतो. समोरून खसाखसा घासलं की पसरतो.

मेणबत्तीचं मेण वेदीच्या मोठ्या चादरीवर हमखास सांडतं. त्यावर बर्फ फिरवून ते कडक होऊ द्यावं, चमच्याच्या बोथट कडेने खरवडावं आणि मग वर-खाली खाकी कागद ठेवून मध्यम इस्त्री फिरवावी. कागद मेण पितो. तो दोन-तीनदा बदलावा. वर्तमानपत्र वापरलं तर मेण निघतं आणि बातमी उमटते.

ब्लीच शक्यतो नकोच. लिननचा धागा त्याने कमजोर होतो, कालांतराने पिवळाही पडतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचमुळे तांबूस ठिपके उठतात, आणि मग बिचाऱ्या इस्त्रीवर गंजाचा आळ येतो. खळ फक्त कॉर्पोरलला, तीही हलकी: लिटरभर पाण्याला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर. आधी गार पाण्यात कालवून, मग उकळत्या पाण्यात सोडून, पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळून घ्यायची. प्युरिफिकेटरला खळ दिली तर तो प्याला पुसत नाही, नुसता फिरवतो. खळीचे कपडे महिनोन्महिने कपाटात ठेवू नयेत, कसर लागते. जुलै-ऑगस्टात पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवल्याशिवाय काही आत ठेवू नये आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर अजिबात नाही. काळी बुरशी एकदा धरली की सुटत नाही.

इस्त्री कापड दमट असताना, उलट बाजूने. आधी कोपरे ताणून चौकोन सरळ करावा, नाहीतर कडेला झोल राहतो. घडी तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ चौकोनांची: खालचा तिसरा भाग वर, वरचा खाली, मग उजवा आत आणि डावा त्यावर. वरची बाजू सगळी आत जाते, म्हणजे चुकून एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो. घडी हाताने घालावी. घडीवर इस्त्री दाबली तर त्या रेषेवर धागा लवकर तुटतो.

एवढी निगुती वेदीच्या कापडाला, आणि ओट्यावरचं फडकं? आंबूस वास मारत, चुरगळून नळाच्या मागे कोंबलेलं! सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी जे नियम घालून दिले, त्यांत कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला बजावलं आहे, की मठातली सगळी भांडीकुंडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं मानावं. स्वयंपाकाची पाळी आठवड्याने बदले. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी साफसफाई करायची, सगळ्यांनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे आणि भांडी स्वच्छ, धडधाकट परत करायची. यात भावनेचा भाग कमी आणि हिशेबाचा जास्त आहे, म्हणूनच तो पटतो.

तेव्हा फडक्याचंही ऐका. रोज रात्री साबणाने धुऊन, घट्ट पिळून, घडी न घालता पसरून वाळवावं. आठवड्यातून एकदा स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं उकळावं. अॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं. तो वास ओल्या कापडात वाढलेल्या जंतूंचा असतो. सुगंधी साबणाने तो झाकला जातो, जात नाही. आणि ओटा पुसायचं फडकं ताटं पुसायला घेऊ नये.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि त्याच रुमालाने पुसतो. त्याच शुभवर्तमानात रिकाम्या कबरेतला डोक्याचा रुमाल बाकीच्या वस्त्रांपासून वेगळा गुंडाळून ठेवलेला सापडतो. कापडाची एवढी दखल घेणाऱ्या ग्रंथाचे वाचक फडक्याच्या बाबतीत ढिले का, हे कोडंच आहे. जनाबाईच्या जात्याला देवाचा हात लागतो हे ऐकत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे दुप्पट कळायला हवं.

काम करताना प्रार्थना म्हणावी का, असं पुष्कळदा विचारतात. म्हणावी, पण इस्त्री हातात असताना लक्ष इस्त्रीवर. मोबाइलवर भक्तिगीत लावून डोळे मिटले की लिननवर तपकिरी त्रिकोण उमटतो. भांडी घासताना, फरशी पुसताना माळेच्या प्रार्थनेला वाव भरपूर असतो. फोडणीत, सुरीच्या कामात आणि गाडी चालवताना नसतो. पॅरिसमधल्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठातले ब्रदर लॉरेन्स सतराव्या शतकात वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात राबले. त्यांना ते काम मुळात आवडत नव्हतं, हीच त्यांच्याविषयीची सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट.

एक गोष्ट मात्र खटकते. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, हे बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन मालक मंडळींना फार आवडतं. ते तिसऱ्या अध्यायात दासांना उद्देशून आहे. चौथ्याच्या पहिल्याच ओळीत धन्यांना सांगितलंय, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा. तिथवर वाचन सहसा पोहोचत नाही. वेदीचं कापड कडक इस्त्रीत आणि धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार दहा तारखेपर्यंत लटकलेला, हे जमत नाही. बेनेडिक्ट यांच्या मठात वाढप्यांना जेवणाच्या तासभर आधी नेहमीच्या वाट्याखेरीज थोडी भाकर आणि पेय मिळे, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. मावशींना आल्या आल्या चहा द्यावा, काम संपल्यावर नव्हे.

कॉर्पोरल विरलं, प्युरिफिकेटरला भोक पडलं, तर ते रफू करत बसू नये आणि पुसायलाही घेऊ नये. जाळून राख मातीत मिसळतात, किंवा तसंच पुरतात. घरचं जुनं सुती धोतर, साडी, पंचा यांना मात्र ही सूट नाही. शेकडो धुण्यांनी त्यांची गिरणीची खळ पार निघून गेलेली असते, म्हणून नव्या कापडापेक्षा ते पाणी चांगलं टिपतात. दीड वितीचे तुकडे कापावेत, कडा दुमडून टाके घालावेत, आणि ओट्यासाठी एका वेळी चार तरी तयार ठेवावेत, म्हणजे पावसाळ्यात एक वाळेपर्यंत दुसरं हाताशी राहतं.