अक्षर बिघडलं म्हणून आलेला मुलगा

"ताई, ह्याचं अक्षर बघा जरा," असं म्हणत त्या बाईंनी पिशवीतून एक्स-रे काढावा तशी समाजशास्त्राची वही काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली.

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. सतरा वर्षं झाली. आखडलेले खांदे, झिजलेले गुडघे, नवरात्र तोंडावर आलं की गरब्याच्या सरावात मुरगळलेले घोटे, हे आमचं रोजचं. वही घेऊन मात्र आजवर कोणी आलं नव्हतं. मुलगा आठवीतला, तेरा वर्षांचा, उंच, सडसडीत. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

मी वही चाळली. प्रत्येक पानावर पहिल्या सात-आठ ओळी सुरेख. मग अक्षरं फाकायला लागायची, ओळ खाली घसरायची, आणि पानाच्या तळाशी काय लिहिलंय ते त्यालाही वाचता येईना. शेवटच्या दोन पानांवर शाळेतल्या बाईंचा लाल शाईतला शेरा होता, 'घाई करू नकोस.' पण घाईचं अक्षर पहिल्या ओळीपासूनच घाईचं असतं. हे दमत जाणाऱ्या हाताचं अक्षर होतं.

त्याला कोरा कागद दिला आणि म्हटलं, "नद्यांवर लिही काहीही." नर्मदा, तापी, मही, मग आपली विश्वामित्री, असं लिहीत तो पाचव्या-सहाव्या ओळीवर आला आणि त्याचा डावा हात हळूच उजव्या कोपराखाली गेला. दुखरं मांजराचं पिल्लू उचलावं तसं त्याने ते कोपर तळव्यात धरलं आणि लिहीत राहिला. आपण असं करतोय हे त्याच्या लक्षातही नव्हतं. आईच्याही नाही.

दोन्ही हात पुढे सरळ करायला सांगितले. डावा झाला. उजवा शेवटचे थोडे अंश राहूनच गेला. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो, त्यावर मी अंगठ्याने अगदी हलका दाब दिला.

"नाही दुखत," तो पटकन म्हणाला.

मी विचारलंच नव्हतं.

"काय खेळतोस रे?"

उत्तर आईने दिलं. शाळेच्या टीमकडून क्रिकेट, आणि गेली तीन वर्षं बेसबॉल. तो पिचर आहे, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, आणि पंधरा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी संघाबरोबर तैवानला जायचंय. एकोणीस दिवसांनी. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मुलगा जमिनीकडे बघत होता.

आईला बाहेर चहा घ्यायला पाठवलं. प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि त्याला म्हटलं, "परवाच्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे फेकलंस ते एकेक सांग. मी कोणाला रागावणार नाही." हिशेबाला तो हुशार निघाला. सकाळी शाळेच्या नेटमध्ये 8 षटकं, म्हणजे 48 चेंडू. क्षेत्ररक्षणाच्या सरावात सीमारेषेवरून 25 थ्रो. दुपारी बेसबॉल, आधी हात मोकळा करायला 25, मग सराव सामन्यात 70 पिच, म्हणजे फलंदाजाला टाकलेले चेंडू. त्यानंतर कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, आला नव्हता म्हणून दोन डाव ह्यानेच कॅचिंग केलं, तिथे परत फेकलेले साधारण 40. आणि रात्री गच्चीवर भिंतीला खूण करून 60. हे शेवटचे सांगताना त्याचा आवाज बारीक झाला, कारण ते घरात कोणालाच माहीत नव्हते.

मी बेरीज मांडली. 268.

क्रिकेटच्या गोलंदाजीत कोपर सरळ राहतं, तिचा ताण वेगळा, म्हणून ते 48 सोडून दिले तरी 220 उरतात. तेरा वर्षांच्या हाताने, एका दिवसात. अमेरिकेत मेजर लीग ही व्यावसायिक बेसबॉलची लीग आणि तिथली बेसबॉल संघटना, दोघांनी मिळून मुलांसाठी 'पिच स्मार्ट' नावाचे नियम केले आहेत. 13-14 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 95 पिच टाकाव्यात, आणि 66 किंवा त्याहून जास्त झाल्या तर पुढे चार दिवस पिचिंग बंद. पिचिंग केलेल्याने त्याच सामन्यात कॅचिंग करू नये, हेही त्यात आहे. वर्षातले किमान चार महिने फेकणं बंद ठेवा, हेही आहे. मी सांगायला लागले तर तो म्हणाला, "मला पाठ आहे ते, काकू. कोच सर मोजतात. पण ते पिचिंगचं असतं ना, बाकीचं कोण मोजणार?"

त्या वाक्यापाशी मी पेन खाली ठेवलं. कोच 70 मोजून समाधानी होते, आणि त्यांच्या वहीपुरतं त्यांचं बरोबरच होतं. शाळेचे क्रिकेटचे सर षटकं मोजत होते. क्लासवाले किती धडे राहिले ते मोजत होते, शाळा हजेरी मोजत होती, वडील तिकिटाचे हप्ते. प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी ठीक, आणि सगळ्यांची बेरीज त्या एका कोपरात.

लिहिण्याचा ह्याच्याशी काय संबंध, असं आईने नंतर विचारलं, म्हणून सांगते. बोटं मिटणारे आणि मनगट आत वळवणारे बरेचसे स्नायू कोपराच्या त्याच आतल्या हाडावर एका जागी येऊन चिकटतात. चेंडू फेकताना तिथे जबरदस्त ओढ बसते. मोठ्या माणसात ते हाड एकसंध असतं. वाढत्या मुलात मात्र त्या तुकड्याच्या आणि मूळ हाडाच्या मध्ये ग्रोथ प्लेट असते, कूर्चेची, मऊ, आणि ह्या जागची भरून यायला पंधरा-सोळा वर्षं उजाडतात. सतत ओढ बसली की ती जागा सुजते, रुंदावते, कधी तुकडा सुटूनही येतो. आणि पेन घट्ट धरायला तेच स्नायू लागतात. दौऱ्याआधी अभ्यास संपवायचा म्हणून तो रोज रात्री अकरापर्यंत लिहीत होता. दुखणं त्याने मैदानावर लपवलं, वहीत त्याला लपवता आलं नाही.

संध्याकाळी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. डाव्यात केसासारखी रेघ, उजव्यात तीच रेघ सरळ फट झालेली. तुकडा सुटला नव्हता, एवढं नशीब. डॉक्टरांना ह्याचं नाव ठाऊक होतं, लिटल लीग एल्बो. 1960 पासून वैद्यकीय लिखाणात हे नाव आहे. वडोदऱ्यात त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला. सहा आठवडे एकही चेंडू फेकायचा नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

रात्री आठला सगळे माझ्या क्लिनिकमध्ये. आई, वडील, आजोबा, कोच. बाहेर गल्लीत गरब्याच्या सरावाचा ढोल चालू. वडिलांनी मुदत ठेव मोडून पैसे भरले होते. रागावले नाहीत, पण आवाज कापत होता. "ताई, यूपीची दोन पोरं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भाला फेकायची. 2008 मध्ये त्यांना थेट अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स ह्या व्यावसायिक बेसबॉल संघाने करारावर घेतलं. मी ह्याला तेव्हाची बातमी दाखवली होती. मीच दाखवली." कोच गुजराती, साधा, पोरांवर जीव असलेला माणूस. तो एवढंच म्हणाला, "बेन, मने तो एणे कंई कह्युं ज नथी." मला तर त्याने काही सांगितलंच नाही. मग मुलगा रडायला लागला. सांगितलं असतं तर दुसऱ्याला घेतलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

मी त्यांना एक अभ्यास सांगितला. अमेरिकेत 9 ते 14 वर्षांचे 481 पिचर दहा वर्षं नजरेखाली ठेवले होते. वर्षात 100 डावांपेक्षा जास्त पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट निघाला. गंभीर म्हणजे शस्त्रक्रिया, नाहीतर खेळ कायमचा सुटणं. आकडा ऐकून खोली गप्प झाली.

बोलले आजोबा. तरुणपणी ते जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात. सकाळपासून त्यांचं म्हणणं होतं की हात तिथे दाखवून तेलाने चोळून घेऊ. मोठ्यांच्या निखळलेल्या खांद्यांना त्या वाटेने आराम पडल्याचं मीही ऐकत आले आहे, पण वाढीच्या हाडाला चोळणं नको, एवढं मी त्यांना सकाळी फोनवर हात जोडून सांगितलं होतं. आता ते म्हणाले, "आमच्या वेळी जोर किती मारायचे ते वस्ताद ठरवायचे. जास्त मारले तर कमी मारण्यापेक्षा मोठा ओरडा बसायचा. ह्याचा आकडा आजपासून मी ठेवतो. घरचा, शाळेचा, मैदानाचा, सगळा."

आणि तैवान? माझं मत होतं की पाठवू नये. ते मी स्पष्ट सांगितलं. पण बेसबॉलमध्ये एक जागा अशी आहे की तो खेळाडू फक्त बॅटिंग करतो, क्षेत्ररक्षणाला उतरतच नाही. डेझिग्नेटेड हिटर. दोन आठवड्यांनी बॅट फिरवताना अजिबात दुखत नसेल तरच, आणि एकही थ्रो न करता, ह्या अटीवर डॉक्टरांनी होकार दिला. कोचने त्याच कागदावर स्वतःची सही केली. त्या सहीने माझा विरोध निम्मा गळाला, हे कबूल करते.

शाळेचं वेगळंच निघालं. सहामाही परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात. दहावी-बारावीच्या अशा खेळाडूंसाठी सीबीएसई नंतर परीक्षा देण्याची सोय करते. आठवीला सगळं शाळेच्या मर्जीवर. पहिलं उत्तर 'शून्य धरू' असं आलं. त्या मुलासाठी उभ्या राहिल्या त्या लाल शेरा मारणाऱ्या बाईच. माझं पत्र वाचून त्यांनी मला फोन केला. "मी त्याला घाई करू नकोस लिहिलं हो," एवढंच दोनदा म्हणाल्या. मग मुख्याध्यापकांकडे खेटे घालून त्यांनी परत आल्यावर तोंडी परीक्षा मिळवून दिली. लिहिणं मी तसंही दिवसाला वीस मिनिटांवर आणलं होतं.

तैवानहून रोज आपल्या संध्याकाळी साडेपाचला त्याचा गणिताच्या सरांना व्हिडिओ कॉल यायचा. तिथे आठ वाजलेले असायचे, जेवणं झालेली. वही खोलीतल्या सोबत्याकडे, हा तोंडाने पायऱ्या सांगणार आणि तो लिहिणार. सर म्हणाले की दोघांचंही बीजगणित सुधारलं. संघ बहुतेक सामने हरला. हा दोन सामन्यांत बॅटिंगला उतरला, एकदा पहिल्या बेसवर पोचला. मला त्याने एक फोटो पाठवला होता. खेळाचा असेल असं वाटलं, तर समोरच्या संघाच्या बाकावर बसलेल्या एका माणसाचा होता. हातात बोटाने दाबायचं मोजणीयंत्र. खाली लिहिलं होतं, 'आजोबांसारखं.'

येताना त्याने माझ्यासाठी तैवानची पाचशे डॉलरची नोट आणली. तपकिरी रंगाची. नोटेवर कोणी राजा नाही, पुढारी नाही. बेसबॉल खेळणारी शाळकरी मुलं आहेत, जिंकल्याच्या आनंदात उसळलेली. ती मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. पेशंट विचारतात तेव्हा सांगते.

दिवाळी झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला. फट भरत आली होती. हात पूर्ण सरळ होत होता, दाबल्यावर दुखत नव्हतं, आणि ह्या वेळी 'नाही दुखत' तो माझ्याकडे बघून म्हणाला. फेकायला सुरुवात करायची ती 15 मीटरवरून, सावकाश, पहिल्या दिवशी 25.

रविवारी सकाळी कमाटीबागेत मीही गेले. आजोबा बाकावर, मांडीवर वही. वडील समोर ग्लोव्ह घालून उभे. पहिले तीन-चार थ्रो तो घाबरत टाकत होता, कोपर अंगाशी धरून. मग खांदा सुटला, पाय पुढे पडायला लागला, आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा तो जाड आवाज यायला लागला. दहा, पंधरा, वीस. आजोबा प्रत्येक पाचाला आडवी रेघ मारत होते.

"पंचवीस," आजोबा म्हणाले.

"आजोबा, आत्ताच तर लय लागली. एक फक्त."

आजोबा उठले, वडिलांच्या हातातून चेंडू घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि फाटकाकडे चालायला लागले.